आज कुठे जायचं नाही

हेलिकॉप्टरला उडायला उघडं आकाश लागतं, स्नोकॅटला लागत नाही. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात डोंगरांवर दोन-दोन दिवस सलग बर्फ पडतो आणि ढग झाडांच्या शेंड्यांवर येऊन टेकतात, तेव्हा हेलिकॉप्टरने शिखरावर जाऊ पाहणारे स्कीअर लॉजच्या खिडकीपाशी बसून राहतात. स्नोकॅट मात्र दिवे लावून, पुढच्या रुंद पात्याने आपला रस्ता आपणच करत वर चढत असते. बर्फ पडत असतानाच, तो कुणी तुडवलेला नसतानाच त्यावरून उतरता यावं, यासाठी लोक या गाडीत बसतात. मीही त्यासाठीच बसले.

मी कॅल्गरीला राहते. व्यवसाय भूशास्त्राचा; उमेदीची सगळी वर्षं जमिनीखालचे थर ओळखण्यात गेली. स्कीइंग मी इथे येऊन, पस्तिशीनंतर शिकले आणि लेक लुईसच्या पिस्टवर, म्हणजे यंत्राने दाबून सपाट केलेल्या उतारांवर, बरीच वर्षं समाधानात होते. विद्यापीठात शिकणारी माझी भाची माझ्याहून धीट. खोल पावडरमध्ये एकदा तरी चल, हा आग्रह तिचाच.

पावडर म्हणजे नुकताच पडलेला, कोरडा, भुसभुशीत बर्फ. त्यात पाणी थोडं आणि हवाच जास्त. चांगल्या पावडरचा दहा सेंटिमीटरचा थर वितळवला तर जेमतेम सहा-सात मिलिमीटर पाणी निघतं. सेलकर्क आणि मोनाशी या डोंगररांगांत असा बर्फ का पडतो, हे सह्याद्रीच्या माणसाला फार समजवावं लागत नाही. अरबी समुद्रावरचे ढग घाट चढताना महाबळेश्वरला रिते होतात, तसेच पॅसिफिकवरचे ढग इथे डोंगर चढताना रिते होतात. फक्त इथे डोंगरांच्या दोन ओळी आहेत. जड, ओला बर्फ किनाऱ्याजवळच्या पहिल्या रांगेवरच पडून जातो. मग मधलं कोरडं पठार ओलांडून तीच हवा आतल्या रांगांवर पुन्हा चढते. तिथे थंडी जास्त, त्यामुळे पडणारा बर्फ हलका. रेव्हलस्टोक गावाजवळच्या माउंट कोपलँडवर 1971-72 च्या हिवाळ्यात 2446 सेंटिमीटर बर्फ पडल्याची नोंद आहे. म्हणजे चोवीस मीटरहून जास्त! कॅनडातला हा विक्रम आहे.

अशा बर्फातून गाडी चालवण्याची पहिली धडपड मौजेसाठी झालेली नाही. क्वेबेक प्रांतातल्या व्हॅलकूर गावचे मेकॅनिक जोसेफ-आर्मां बोंबार्डिए अनेक वर्षं बर्फावर चालणारं वाहन बनवायच्या खटपटीत होते. 1934 च्या जानेवारीत त्यांचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या दुखण्याने गेला. अपेंडिक्सचा आजार होता. शस्त्रक्रिया तातडीने हवी होती आणि बर्फाने बंद झालेल्या रस्त्यांवरून त्याला इस्पितळात नेण्याचं साधनच नव्हतं. 1937 मध्ये बोंबार्डिएंना दातेरी चाकावर फिरणाऱ्या पट्ट्याचं पेटंट मिळालं आणि सात माणसं बसतील अशी बी-7 ही गाडी रस्त्यावर आली. त्यानंतरच्या मोठ्या गाड्यांतून क्वेबेकची मुलं शाळेत गेली, आजारी माणसं दवाखान्यात गेली. अमेरिकेत ओरेगन राज्यात एमिट टकर यांनी वेगळ्या बांधणीची गाडी बनवली, तिचं नाव टकर स्नो-कॅट. व्हिव्हियन फुक्स यांच्या तुकडीने 1957-58 मध्ये अंटार्क्टिका खंड पहिल्यांदा जमिनीवरून पार केला, 99 दिवसांत, तो मुख्यतः या गाड्यांच्या बळावर.

आजची स्नोकॅट बहुधा जर्मनीची पिस्टनबुली किंवा इटलीची प्रिनोट असते. स्की रिसॉर्टवर रात्री उतार सपाट करत फिरणारं यंत्र तेच. इथे त्याच्या पाठीवर बारा-चौदा माणसांची केबिन बसवलेली असते. वजन काही टन, पण पट्टे इतके रुंद की बर्फावर पडणारा दाब माणसाच्या पावलाच्या दाबाहून कमी. बुटांनी आपण कमरेपर्यंत रुततो आणि ती वरून निघून जाते. वेग फार नाही. जुन्या लाकूडतोडीच्या रस्त्यांवरून वळणं घेत ती वीस मिनिटांत, अर्ध्या तासात माथ्यावर पोचते. आपण उतरेपर्यंत चालक गाडी खाली आणून पायथ्याशी उभा असतो. पुन्हा केबिन, पुन्हा माथा. दिवसभरात असे दहा-बारा उतार होतात.

या डोंगरांत हेलिकॉप्टरने स्कीइंगला न्यायची पद्धत ऑस्ट्रियाहून आलेले गाइड हान्स ग्मोझर यांनी 1965 मध्ये बुगाबू डोंगरांत सुरू केली. दहा वर्षांनी, 1975 मध्ये, कूटनी सरोवराच्या उत्तरेला मेडो क्रीक या वस्तीत अ‍ॅलन आणि ब्रेंडा ड्र्यूरी या दांपत्याने सेलकर्क वाइल्डरनेस स्कीइंग सुरू केलं. स्नोकॅट स्कीइंगचा जगातला पहिला व्यवसाय तोच मानला जातो. आज या प्रांतात असे अनेक लॉज आहेत. आमचा लॉज सेलकर्कच्याच दक्षिण भागातला.

कॅल्गरीहून तिथे जाताना आम्ही मुद्दाम रॉजर्स पासचा रस्ता धरला. 4 मार्च 1910 च्या रात्री या खिंडीत कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचे कामगार एका हिमप्रपातात गाडलेला लोहमार्ग मोकळा करत होते. तेव्हाच समोरच्या डोंगरावरून दुसरा प्रपात आला. 58 माणसं गेली, त्यातली 32 जपानहून आलेली. पुढे रेल्वेने खिंड सोडली आणि डोंगराच्या पोटातून आठ किलोमीटरचा बोगदा खणला. तो 1916 मध्ये सुरू झाला. 1962 मध्ये महामार्ग झाला तो पुन्हा खिंडीतूनच. तेव्हापासून हिवाळ्यात कॅनडाच्या सैन्याचे तोफची इथे तळ देतात. वरच्या उतारांवर बर्फ धोकादायक साठला की रस्ता बंद करून तोफा डागतात आणि प्रपात आपल्या वेळेला खाली आणतात. रस्त्याकडेला तोफेसाठी केलेल्या गोल जागा दिसतात. भाचीला मी त्या दाखवल्या. इथल्या डोंगरांचा इतिहास तिला ठाऊक असायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

लॉजवर पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी स्की पायात चढायच्या आधी तास-दीड तास प्रशिक्षण झालं. प्रत्येकाच्या अंगावर, जॅकेटच्या आत, एक ट्रान्सीव्हर बांधला. हे छोटं यंत्र 457 किलोहर्ट्झवर सतत संदेश सोडत असतं. कुणी गाडलं गेलं तर बाकीचे आपापली यंत्रं शोधावर लावून त्या संदेशाचा माग काढतात. पाठपिशवीत घडीचं फावडं आणि जोडून लांब होणारी प्रोब नावाची सळई. गाइडने एक ट्रान्सीव्हर बर्फात पुरून ठेवला आणि आम्हाला शोधायला लावला. आधी आकडे कमी होत जातात तशी दिशा धरायची, मग यंत्र बर्फाला टेकवून सगळ्यात लहान आकडा गाठायचा, मग सळई खुपसत जायचं, आणि सळईला काही लागलं की ती तिथेच ठेवून उताराच्या खालच्या बाजूने खणायचं. घाई सगळ्यांनाच होते, आणि ती होणं बरोबरच आहे. दहा मिनिटांच्या आत बाहेर काढलेल्यांपैकी बहुतेक वाचतात. त्यानंतर शक्यता झपाट्याने घसरते. इथे मदत बाहेरून वेळेत पोचत नाही. सोबतचे अकरा जण हीच मदत.

आमच्या गटाबरोबर दोन गाइड होते, एक पुढे, एक सगळ्यांच्या मागे. पुढची गाइड चाळिशीची, कमी बोलणारी बाई. माझा व्यवसाय कळल्यावर तिने मला सकाळची यादी दाखवली. लॉजच्या हद्दीतल्या प्रत्येक उताराला नाव आहे, आणि रोज पहाटे गाइड एकत्र बसून यादीतल्या एकेका नावापुढे हिरवी किंवा लाल खूण करतात. रात्री किती बर्फ पडला, वारा कुठून आला, तापमान किती चढलं, काल कुठे काय सरकलं, हे सगळं समोर ठेवून आज कुठे जायचं नाही, ते आधी ठरतं. मतं मोजत नाहीत. एकाही गाइडला एखादा उतार नको वाटला, तर तो त्या दिवसापुरता लाल. हिरवा उतार डोंगरावर गेल्यावर बंद करता येतो; लाल उतार डोंगरावर गेल्यावर उघडता येत नाही. ऊन पडलंय, बर्फ सुंदर दिसतोय, पाहुणे उत्साहात आहेत, अशा वेळी माणसाचा निर्णय ढळतो, हे ओळखून केलेला हा नियम आहे. मला तो फार मोठा वाटला. मी अनेक कंपन्यांत धोक्याचे निर्णय होताना पाहिले आहेत. इतकी साफ पद्धत क्वचित दिसली.

पहिल्या उतारानंतर तिने एका बाजूला खड्डा खणला. छातीपर्यंत खोल, वरच्या बाजूची भिंत फावड्याने तासून गुळगुळीत केलेली. मग त्या भिंतीवरून तिने बोटं फिरवली. जिथे बोट सहज आत जातं तिथला थर मऊ, जिथे पेन्सिल टेकवावी लागते तो कठीण. हिवाळ्यात झालेलं प्रत्येक वादळ, प्रत्येक उघाड तिथे क्रमाने रचलेली होती. सुमारे साठ सेंटिमीटर खाली एक करडी, बारीक रेघ होती. तिने तिथले कण निळ्या पत्र्यावर घेतले आणि भिंग माझ्या हातात दिलं. पिसांसारखे दिसणारे चपटे स्फटिक, त्यांवरच्या रेषासुद्धा स्पष्ट.

"हा जानेवारीतला," ती म्हणाली. "गाडला गेला त्या तारखेनेच आम्ही त्याला ओळखतो. वादळांच्या मधल्या थंड, निरभ्र रात्री हे वरती उगवतं. दिसायला फार सुंदर. त्यावर नवा बर्फ पडला, की आठवडेच्या आठवडे ते विसरत नाही."

उघड्या आकाशाखाली रात्री बर्फाचा पृष्ठभाग उष्णता सोडून हवेहून थंड होतो आणि हवेतली वाफ त्यावर स्फटिकांच्या रूपात जमते. पुढच्या वादळाने हे स्फटिक मोडले नाहीत, तर ते उभेच्या उभे पुरले जातात. वरचा बर्फ हळूहळू घट्ट होऊन एकसंध पाटा बनतो, पण तो टेकलेला असतो या नाजूक पिसांवर. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर अशा पाट्यावर एका माणसाचं वजन पडलं, तर पिसं मोडतात, ती मोड वेगाने पसरते आणि अख्खा उतार सुटतो. हिमप्रपातांत सापडणाऱ्या बहुतेक स्कीअरच्या बाबतीत तो प्रपात त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच सोबत्याने सुरू केलेला असतो.

मग तिने तीस सेंटिमीटर लांब, तीस रुंद असा उभा खांब करवतीने कापून सुटा केला, त्यावर फावडं आडवं ठेवलं आणि थापा मारू लागली. आधी दहा थापा फक्त मनगटातून, मग दहा कोपरातून, मग दहा खांद्यातून. मनगटाच्या दहा थापा पचल्या. कोपराच्या दुसऱ्या-तिसऱ्या थापेला वरचे साठ सेंटिमीटर त्या करड्या रेघेवरून एकदम सुटून पुढे आले, आणि तुटलेली बाजू कापल्यासारखी सपाट. ती काही बोलली नाही, वहीत लिहिलं. माझ्या पोटात मात्र खड्डा पडला. सगळं आयुष्य मी थर वाचले. पण ते थर कोट्यवधी वर्षं जागेवर पडून होते. हे थर आज दुपारी हलू शकत होते.

दुपारी उघडीप झाली. आमच्या माथ्यावरून डावीकडे एक प्रशस्त, बिनझाडांचा उतार दिसत होता, त्यावर एकही माग नाही. गटातल्या एकाने विचारलंच. तिने एका शब्दात उत्तर दिलं, "नाही." मग थांबून कारण सांगितलं. तो उतार यादीत लाल आहे, त्याचा कोन पस्तिसाच्या वर आहे, आणि सकाळी खड्ड्यात पाहिलेला थर तिथे नक्की असणार. आम्ही उजवीकडे जाणार होतो, जुन्या हेमलॉक आणि सीडारच्या दाट जंगलात. दाट पर्णछत्राखाली बर्फाची उष्णता आकाशात निसटत नाही, त्यामुळे तिथे ती पिसं फारशी उगवतच नाहीत. शिवाय फांद्यांवरून पडणारे बर्फाचे गोळे खालचे थर विस्कटून टाकतात.

आणि त्या जंगलातला उतार! गुडघ्याच्या वर बर्फ, झाडांमध्ये पाच-सहा हातांचं अंतर. पिस्टवर आपण बाहेरच्या स्कीवर भार टाकून वळतो. इथे तसं केलं तर ती एकच स्की बुडते आणि माणूस आडवा होतो. दोन्ही पाय जवळ, भार दोन्हींवर सारखा. मागे झुकायचा मोह होतो, तो आवरायचा. मागे झुकलेला माणूस दहा वळणांत मांड्यांनी दमतो. थोडा वेग लागतोच, कारण वेग असेल तरच स्की वर तरंगते. गुडघे दुमडून खाली जायचं, बर्फ आपणच वर उचलतो, त्या हलक्या क्षणी वळायचं. पहिल्या चार-पाच वळणांत हे शरीराला उमगेना. मग एकदम लय लागली. खालचा बर्फ छातीवर, मग चेहऱ्यावर उडू लागला, दिसेनासं झालं, आणि तरी कुठे वळायचं ते पायांना कळत होतं. स्कीचा घासण्याचा आवाज नाही, पायाखाली काही कठीण नाही. खाली पोचल्यावर भाची बर्फाने पांढरी झालेली, हसू आवरेना तिला. मी रडत होते, हे मला चष्मा काढल्यावर कळलं.

हे सुख माझ्यासारख्या मध्यम स्कीअरला मिळतं त्याचं श्रेय मोठ्या प्रमाणात रुंद स्कींना आहे. ऑस्ट्रियाच्या अ‍ॅटॉमिक कंपनीतल्या रुपर्ट हूबर यांनी 1980च्या दशकाच्या अखेरीस नेहमीच्या स्कीच्या जवळजवळ दुप्पट रुंदीची स्की बनवली. पिस्टवरची स्की पायाखाली सत्तर-पंचाहत्तर मिलिमीटर असते, लॉजवर मला मिळाली ती एकशे दहाच्या वर. पृष्ठभाग वाढला की बुडणं कमी होतं, आणि वळायला लागणारी ताकदही कमी.

जंगलाचा स्वतःचा एक धोका आहे आणि त्याबद्दल मला इथे सविस्तर सांगायचंच आहे, कारण आपल्याकडून हौसेने येणाऱ्यांना तो ठाऊक नसतो. दाट फांद्यांच्या झाडाखाली बर्फ कमी पोचतो, त्यामुळे बुंध्याभोवती सैल बर्फाने भरलेली पोकळी राहते. वरून ती दिसत नाही. स्कीअर तोल जाऊन तिथे डोक्याकडून गेला, तर स्की वर अडकतात, सैल बर्फ भोवती कोसळतो आणि हालचाल केली की माणूस आणखी खाली जातो. स्वयंसेवकांवर केलेल्या प्रयोगांत दहांतल्या नऊ जणांना स्वतःहून बाहेर येता आलं नव्हतं. म्हणून जंगलात जोडीनेच उतरायचं, जोडीदार नजरेआड होऊ द्यायचा नाही आणि सतत हाका द्यायच्या. स्कीच्या काठ्यांचे पट्टे मनगटात अडकवायचे नाहीत, कारण अडकलेला हात तोंडापुढे जागा करायला मोकळा राहत नाही. माझी जोडी भाचीशी होती. "मावशी, ओ दे!" असं ती दर तीन-चार वळणांनी ओरडायची आणि मी "ओ!" म्हणेपर्यंत पुढे सरकायची नाही. गाइडच्या मागाच्या कोणत्या बाजूला राहायचं, हेही दर उताराला सांगितलं जायचं, आणि बारा जण ते ऐकत होते. गटातला एक जण तीस वर्षं स्कीइंग करणारा होता. तोही ऐकत होता.

जेवण केबिनमध्येच. सूप, सँडविच, ओले हातमोजे वाळत टांगलेले, काचांवर वाफ. या सहलीचा खर्च थोडका नाही. राहणं-खाणं धरून दिवसाला साधारण हजार कॅनेडियन डॉलर किंवा त्याहूनही जास्त लागतात. हेलिकॉप्टरपेक्षा कमी, तरी पुष्कळ. पिस्टवर अवघड काळ्या खुणेचे उतार न थांबता उतरता येत नसतील, तर एवढे पैसे घालू नयेत, असं मी स्पष्ट सांगेन. दमलेल्या माणसासाठी सगळा गट थांबतो. दिवसभर उतरण्याइतकी पायांत ताकद हवी, आणि पडल्यावर उठण्याचीही. खोल बर्फात हात टेकवला तर तो खांद्यापर्यंत आत जातो. दोन्ही काठ्यांची फुली करून, त्यावर भार देऊनच उठता येतं.

संध्याकाळी पाहुणे गरम पाण्याच्या टबात असताना गाइड पुन्हा बैठकीला बसलेले असतात. दिवसभरात पाहिलेलं सगळं, खड्ड्यातला तो थर, थापांची संख्या, दुरून दिसलेले प्रपात, त्या रात्री इन्फोएक्स नावाच्या व्यवस्थेत भरलं जातं. कॅनेडियन अ‍ॅव्हलांच असोसिएशनने 1991 मध्ये ती सुरू केली. एकमेकांशी स्पर्धा करणारे लॉज, हेलिकॉप्टरवाले, रिसॉर्ट, महामार्गाचे लोक आपली निरीक्षणं तिथे एकमेकांना रोज देतात. धंद्यातल्या माणसांनी माहिती अशी वाटून घ्यावी, याचं मला मोल वाटतं.

सामान्य माणसापर्यंत ही समज पोचायला मात्र फार मोठी किंमत पडली. 20 जानेवारी 2003 रोजी रेव्हलस्टोकच्या उत्तरेला प्रपातात सात जण गेले. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, 1 फेब्रुवारीला, रॉजर्स पासजवळ कॅल्गरीनजीकच्या एका शाळेची सात मुलं गेली. त्या धक्क्यातून 2004 मध्ये लोकांसाठी राष्ट्रीय केंद्र उभं राहिलं. आज त्याला अ‍ॅव्हलांच कॅनडा म्हणतात, कार्यालय रेव्हलस्टोकलाच आहे, आणि हिवाळाभर ते रोज धोक्याचं बुलेटिन प्रसिद्ध करतं, विनामूल्य. धोक्याच्या पाच पायऱ्या. आपल्याला वाटतं तिसरी म्हणजे मधली, चालेल. पण मृत्यूंचा मोठा वाटा याच तिसऱ्या पायरीवरचा आहे, कारण चौथी-पाचवी पाहून लोक घरी थांबतात आणि तिसरी पाहून निघतात.

परतल्यावर पुढच्याच आठवड्यात भाचीने फोन माझ्यापुढे धरला. दक्षिण सेलकर्कच्या बुलेटिनमध्ये जानेवारीच्या त्या थराचा उल्लेख होता, तारखेसकट, आणि धोका तिसऱ्या पायरीवर. तिला मित्रांबरोबर गाइडशिवाय स्की-टूरिंगला, म्हणजे स्कीवरूनच डोंगर चढून उतरायला, जायचं होतं. दोघी शेजारी बसून आम्ही नकाशावर तीस अंशांच्या वरचे उतार रंगवले. मग तिने आपणहून मित्राला फोन लावला, बेत पुढे ढकलला आणि अ‍ॅव्हलांच कॅनडाच्या दोन दिवसांच्या प्राथमिक अभ्यासक्रमाला दोघांची नावं नोंदवली.